माळ्यावरचा जुना अँप्लिफायर: ठेवायचा, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात माळ्यावर किंवा दिवाणाखाली एखादा जुना अँप्लिफायर पडून असलेली घरं अजून बरीच आहेत. कुणाचा काका बोटीवर होता, कुणाचा मामा आखातात. येताना त्यांनी सान्सुई, पायोनिअर, टेक्निक्स, अकाई आणले. काही सेट गोव्यातून घाट चढून आले. ज्यांना परदेशी मालाची वाट नव्हती त्यांनी कॉस्मिक किंवा सोनोडाइन घेतला आणि त्यावर पंचवीस वर्षं नाट्यगीतं ऐकली. मग सीडी आली, मोबाइल आला, आणि सेट माळ्यावर गेला.

आता विचारणारे विचारतात की नव्या यंत्रापुढे याचा टिकाव लागेल का. माझं उत्तर सरळ आहे. सेट निरोगी असेल तर लागतो, आणि चांगला लागतो. आजारी असेल तर कितीही मोठ्या नावाचा असला तरी नाही लागत. म्हणून 'जुना की नवा' हा प्रश्न बाजूला ठेवून आधी सेटची तब्येत तपासायची. ती कशी तपासायची, काय बदलायचं, काय अजिबात बदलायचं नाही आणि शेवटी नव्याशी तुलना कशी करायची, ते माझ्या आप्पांचा जपानी रिसिव्हर, म्हणजे आतच रेडिओ असलेला अँप्लिफायर, उभा करताना मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते.

आधी हिशेब: जुना कुठे कमी पडतो, कुठे नाही

अँप्लिफायरचं काम एवढंच की आलेला बारीक सिग्नल जसाच्या तसा मोठा करून स्पीकर हलवायचा. हे काम सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरवर उत्तम जमलेलं होतं. क्वाडचा ४०५ हा १९७५ चा, दर चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, १०० वॅटचा. नॅडचा ३०२० हा १९७८ चा, कागदावर अवघा २० वॅटचा, पण आजही माणसं तो शोधत फिरतात. त्या काळच्या साध्या रिसिव्हरवर विकृती (मूळ सिग्नलमध्ये होणारी भेसळ, डिस्टॉर्शन) ०.१ ते ०.५ टक्के लिहिलेली असे. आजचा चांगला अँप्लिफायर ०.००५ टक्क्यांच्याही खाली जातो. आकडा पाहिला तर फरक प्रचंड वाटतो. पण तुमच्या स्पीकरची स्वतःची विकृती, विशेषतः खालच्या सुरांत, सहज एक टक्का आणि त्याहून जास्त असते. त्यामुळे घरातल्या आवाजाला हा फरक कानापर्यंत क्वचितच पोहोचतो.

नवा जिंकतो तो दुसऱ्या ठिकाणी. जुन्या एबी वर्गाच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर थोडे सतत चालू ठेवणाऱ्या पद्धतीच्या, यंत्रात विजेचा मोठा वाटा उष्णतेत जातो. या पद्धतीची कमाल कार्यक्षमता गणितानेच ७८.५ टक्के आहे आणि हळू आवाजात ती त्याच्या जवळपासही नसते. आजचे डी वर्गाचे, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारे, अँप्लिफायर पूर्ण भारावर ९० टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणून ते तळहाताएवढे असूनही तापत नाहीत. जुना सेट नुसता चालू ठेवला तरी ३०-४० वॅट खातो. रोज पाच तास ४० वॅट धरले तर महिन्याला सहा युनिट. म्हणजे वीजबिलासाठी जुना सेट टाकून द्यायला नको, एवढं नक्की. शिवाय नव्यात टीव्हीची डिजिटल तार, ब्लूटूथ, रिमोट सगळं आत असतं. जुन्याला हे बाहेरून जोडावं लागतं, आणि जोडता येतं.

वॅटचा घोळ सोडवून घ्या

नवा घ्यायला गेलात की पहिला मार वॅटचा बसतो. नव्वदच्या दशकात खोक्यांवर 'पीएमपीओ १००० वॅट' लिहिलेलं असे, आठवतं का? त्या आकड्याला काहीही आधार नव्हता. आता तोच प्रकार ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या डी वर्गाच्या बोर्डांत होतो. बोर्डावर 'दर चॅनेलला १०० वॅट' छापलेलं असतं आणि सोबत लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर देतात. आपणच हिशेब करावा. अशा बोर्डातून स्पीकरला जास्तीत जास्त १९ व्होल्टचं शिखर मिळतं. १९ चा वर्ग ३६१, त्याला स्पीकरच्या ८ ओहमच्या दुपटीने, म्हणजे १६ ने भागा: साडेबावीस वॅट. तेही तोटा न धरता. याउलट आप्पांच्या रिसिव्हरवर '१५ वॅट' लिहिलंय, आणि ते दोन्ही चॅनेल एकाच वेळी, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत सलग देण्याचे आहेत. अमेरिकेत १९७४ पासून घरगुती अँप्लिफायरची जाहिरात करताना असाच आकडा द्यावा लागे, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या जपानी सेटवरचे त्या काळचे आकडे विश्वासाचे असतात.

आणि मुळात घरात लागतात किती? साधारण ८७ डेसिबल क्षमतेचा स्पीकर एक वॅटवर, एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज देतो. हा चांगला मोठा आवाज झाला. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. टिळकवाडीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये गाणं ऐकताना तुमचा अँप्लिफायर बहुतेक वेळ एक-दोन वॅटवरच चाललेला असतो. १५ वॅटचा सेट पुरत नाही असं वाटत असेल तर दोष बहुधा वॅटचा नाही, स्पीकरचा आहे.

पहिली पायरी: प्लग लावू नका

माळ्यावरून काढलेला सेट पुसून थेट प्लगात घालण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आमच्या शहापुरातल्या मेकॅनिक मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी प्लग घालू नको गे बाय, आधी उघडून बघ." त्या एका वाक्याने माझा सेट वाचला. झाकण उघडलं तर ट्रान्सफॉर्मरच्या टोकांशी वाळलेली पाल होती, आणि एका बाजूच्या तारेचं आवरण उंदराने खाल्लेलं.

उघडण्याआधी मागची बाजू वाचा. तिथे व्होल्टेज लिहिलेलं असतं. जपानमधल्या बाजारासाठीचा सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा, युरोपचा २२० किंवा २४० चा. बोटीवरून किंवा विमानाने आलेल्या बऱ्याच सेटना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. तो कुठे लावलाय ते नीट पाहा. २२० आणि २४० अशा दोन्ही खुणा असतील तर २४० वर ठेवा. याचं कारण आपल्याकडच्या विजेत आहे. संध्याकाळी २०० पर्यंत बसणारं व्होल्टेज रात्री अकरानंतर २४५-२५० ला चढलेलं मी माझ्याच मीटरवर पाहिलंय. चिकोडीकडच्या माझ्या मावशीच्या मळ्यात, पंपाच्या लाईनवर, हा चढउतार आणखी मोठा असतो. २२० वर लावलेल्या सेटला २५० मिळाले की आतलं सगळं साडेतेरा टक्क्यांनी चढतं. वीज साठवणाऱ्या ज्या कंडेन्सरवर ४५ व्होल्ट असायचे तिथे ५१ होतात, आणि त्या कंडेन्सरची मर्यादा ५० असते. जुने सेट रात्री चालू असताना का जातात, त्याचं एक कारण हे आहे.

फक्त १०० किंवा १२० व्होल्टचा सेट असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. सेटवर लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, अगदी बेताचा नको. अमेरिकेच्या सेटवर नुसतं '६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. अशा सेटला पहिला तासभर हात लावून पाहत राहा.

आता झाकण. प्लग काढलेलाच हवा. मोठ्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे. ती करू नका, कंडेन्सर आणि डोळे दोन्ही जातात. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीला नीट आवरण लावून धरा, कंडेन्सरच्या दोन टोकांना दहा सेकंद टेकवा आणि मीटरने खात्री करा. एक गोष्ट ठामपणे सांगते: सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा, असेल तर स्वतः उघडू नका. त्यात ३००-४०० व्होल्ट डीसी असतात. त्या कामाला जाणता माणूसच हवा.

आत मऊ ब्रशने धूळ काढा आणि डोळ्याने पाहा. कंडेन्सरचा माथा फुगलाय का, बुडाशी चिकट डाग आहे का, बोर्ड कुठे करपून काळा पडलाय का, कुठल्या पायाभोवती सोल्डरला बारीक गोल भेग आहे का. सत्तरच्या शेवटच्या काळातल्या काही सान्सुईंत पार्ट जागेवर धरायला पिवळट गोंद लावलेला असतो. तो वर्षांनी तपकिरी-काळा होतो, वीज वाहू लागतो आणि पार्टांचे पाय खातो. तो दिसला तर खरवडून पूर्ण काढावा लागतो. हे चिकाटीचं काम आहे, पण टाळलं तर पुढची सगळी मेहनत फुकट.

दुसरी पायरी: सिरीज बल्ब

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि तार, एवढंच लागतं. फेज तार बल्बमधून सॉकेटला जाते, न्यूट्रल थेट, म्हणजे सॉकेटमध्ये लावलेला सेट बल्बच्या सिरीजमध्ये येतो. बल्ब जुना पिवळा, तारेचा हवा. एलईडी किंवा सीएफएल इथे चालत नाही. छोट्या सेटला ६० वॅट, मोठ्याला १०० वॅट.

स्पीकर जोडू नका. व्हॉल्यूम शून्यावर. चालू करा आणि बल्बकडे पाहा. क्षणभर उजळून मग मंद होत गेला तर मोठे कंडेन्सर भरले आणि पुढे सगळं ठीक आहे. उजळला आणि तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे: लगेच बंद करा. बहुधा स्पीकरला ताकद देणारा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर गेलेला असतो. थेट प्लगात घातला असता तर त्याच्याबरोबर आणखी चार पार्ट आणि कदाचित ट्रान्सफॉर्मर गेला असता. इथे सगळा भार बल्ब झेलतो.

बल्ब मंद राहिला तर तासभर तसंच चालू द्या आणि समोर बसा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कंडेन्सरला कमी व्होल्टेजवर हळूहळू जागं होऊ देणं त्यांच्या हिताचं असतं. वास आला, काही तापलं, तर बंद.

तिसरी पायरी: मीटर

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरे. बल्ब काढून सेट सरळ विजेवर घ्या, दहा मिनिटं तापू द्या. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर लावा, स्पीकर अजूनही न जोडता. दोन्ही चॅनेल वेगवेगळे मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. १०० च्या वर गेलं तर आत काहीतरी सरकलंय. एखादा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर त्या सेटला स्पीकर लावूच नका. डीसीने स्पीकरची कॉइल जळते आणि मग दुरुस्ती अँप्लिफायरच्या दुप्पट महाग पडते.

अनेक जुन्या देशी सेटमध्ये टू एन ३०५५ ट्रान्झिस्टर आणि स्पीकरच्या वाटेत एक मोठा कंडेन्सर असतो. त्यात चालू करताना 'धप्प' आवाज येणं स्वाभाविक आहे, घाबरू नका. तिथे हा कंडेन्सर गळतोय का, एवढंच पाहायचं.

आता स्वस्तातले स्पीकर जोडा, चांगले नकोत. आवाजच आला नाही तर लगेच निराश होऊ नका. 'टेप मॉनिटर' नावाचं बटण दाबलेलं असेल तर सेट टेपरेकॉर्डरच्या सिग्नलची वाट पाहत गप्प बसतो. आणखी एक: काही सेटच्या मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशी भोकं असतात आणि ती यू आकाराच्या दोन धातूच्या पिनांनी जोडलेली असतात. घर बदलताना या पिना हरवतात. साधी आरसीए केबल (टीव्ही-डीव्हीडीला असते ती लाल-पांढऱ्या टोकांची) लावली की सेट बोलू लागतो. निपाणीच्या एका घरात या दोन पिनांपायी उत्तम सेट बारा वर्षं 'बंद' म्हणून पडून होता.

चौथी पायरी: खरखर आणि घूं

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती कंट्रोलच्या पट्टीवरच्या मळाने. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लिनर वापरा आणि कंट्रोल पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे कधीही मारू नका. माझ्या सेटला एका दुकानात हेच केलं होतं. आठ दिवस कंट्रोल लोण्यासारखा फिरला, सहा महिन्यांत त्या तेलावर धूळ बसून खरखर पूर्वीपेक्षा वाढली, आणि शेवटी कंट्रोलच बदलावा लागला. बदललेला कंट्रोल मूळच्यासारखा दोन्ही चॅनेल सारखे राखत नाही, हे मला रोज ऐकू येतं आणि रोज वाईट वाटतं.

हळू आवाजात एक चॅनेल गायब होतो आणि आवाज वाढवला की 'टक' करून परत येतो, ही तक्रार बहुधा स्पीकर रिलेची, म्हणजे आतून स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचची, असते. रिलेची टोकं काळी पडलेली असतात. ती पॉलिश पेपरने घासतात, पण टिकत नाही. त्याच मापाचा नवा रिले स्वस्तात मिळतो, तोच बसवा.

'घूं' मात्र नीट ऐकायला हवी, कारण तिच्या जातीवरून दोष कळतो. मी त्यासाठी तानपुरा लावते. काळी एकच्या तानपुऱ्याची जोडी साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्ज ६९ हर्ट्झला वाजतो. वाळलेल्या फिल्टर कंडेन्सरची घूं १०० हर्ट्झची, म्हणजे नेमकी या दोघांच्या मधे. सेट निरोगी असेल तर खर्जाची तार छेडल्यावर तिची जवारी उमलते, विरते आणि खाली शांतता उरते. कंडेन्सर वाळलेला असेल तर ती तार विरताना दुसऱ्याच एका बेसूर तारेत मिसळते, आणि ती तार कधी थांबतच नाही. एकदा हे कानाला कळलं की मीटरची गरज राहत नाही. ही घूं व्हॉल्यूम शून्यावरही असेल तर पॉवर सप्लायचे कंडेन्सर. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटची तार, अर्थिंग किंवा जोडलेलं दुसरं यंत्र. टीव्हीची केबल तार काढून पाहा. बऱ्याचदा घूं तिथूनच शिरते.

काय बदलायचं आणि काय नाही

जाणत्या मेकॅनिकला द्यायचं असो वा स्वतः करायचं असो, नियम एकच: सगळं एकदम बदलायचं नाही. 'सगळे कंडेन्सर बदलून देतो' म्हणणाऱ्याकडे सेट देताना दहादा विचार करा. फुगलेले, गळलेले, घूं करणारे आधी बदला. एकेक बदलायचा, प्रत्येक वेळी फोटो काढायचा, प्लस-मायनस दोनदा तपासायचं आणि सिरीज बल्बवर पुन्हा चालू करायचं. नव्या कंडेन्सरचं व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त हवं, मायक्रोफॅरड तेवढेच किंवा वीसेक टक्क्यांपर्यंत जास्त चालतात, आणि त्यावर १०५ अंश लिहिलेलं असावं. तापमान दहा अंशांनी कमी राहिलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे जास्त सोसणारा पार्ट घेणं परवडतं.

आउटपुट ट्रान्झिस्टर चांगले असतील तर त्यांना हात लावू देऊ नका. जुने पॉवर ट्रान्झिस्टर आणि ऐंशीच्या दशकातले एसटीके नावाचे अँप्लिफायर आयसी यांची नक्कल बाजारात भरपूर आहे. वरून छपाई सारखीच, आत इवलीशी चकती, पहिल्या मोठ्या तानेला जाते. पार्ट बदलावाच लागला तर जुना पार्ट परत मागून घ्या. आणि सोनीच्या काही सेटमध्ये व्ही-फेट नावाचे ट्रान्झिस्टर होते, ते आता बनत नाहीत. असा सेट विकत घेताना ते शाबूत असल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर तो पुन्हा वाइंड करून मिळतो, पण खर्च आणि भरवसा पाहता साध्या सेटसाठी तिथेच थांबावं. हे मी मन घट्ट करून सांगते आहे.

टीव्ही, मोबाइल, सीडी जोडताना

जुन्या सेटच्या 'ऑक्स' किंवा 'टेप' इनपुटला साधारण १५० मिलिव्होल्ट पुरतात. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हापासून यंत्रं २ व्होल्ट देऊ लागली, म्हणजे तेरापट. म्हणून व्हॉल्यूम जरा हलवला की आवाज अंगावर येतो आणि अगदी खालच्या टोकाला डावं-उजवं सारखं राहत नाही. उपाय म्हणजे मोबाइलचा किंवा टीव्हीचा आवाज कमी ठेवा. तसं जमत नसेल तर प्रत्येक चॅनेलला २२ किलोओहम सिरीज आणि १० किलोओहम ग्राउंडला (केबलच्या बाहेरच्या जाळीला) असे दोन रेझिस्टर लावून घ्या. दोन व्होल्टचे सुमारे ०.६ होतात आणि व्हॉल्यूमची चकती मधोमध वागू लागते.

'फोनो' इनपुटला टीव्ही किंवा मोबाइल कधीही जोडू नका. ते भोक रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं. मात्र घरात रेकॉर्ड असतील तर जुन्या सेटचा हाच फोनो विभाग त्याचं मोठं धन आहे. आजच्या स्वस्त अँप्लिफायरमध्ये तो नसतोच, वेगळा घ्यावा लागतो.

टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट असेल तर मधे छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा आवाजाचा सिग्नल करणारा डबा, लागतो. ब्लूटूथसाठी आरसीए आउटपुटचा छोटा रिसिव्हर मिळतो. युरोपीय सेटना पाच पिनांचं डिन सॉकेट असतं, त्याची केबल करून मिळते. नवे स्पीकर घेताना ८ ओहमचेच घ्या. ४ ओहमच्या स्पीकरवर, आणि 'ए अधिक बी' असे दोन जोड एकदम लावल्यावर, जुने छोटे सेट फार तापतात.

आता खरी तुलना

शेजारचा नवा अँप्लिफायर आणा आणि आपल्या जुन्याशेजारी ठेवा. तुलनेत सगळ्यांची एकच चूक होते: आवाजाची पातळी सारखी नसते. जरासा मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सूर लावा, मीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा आणि दोन्ही यंत्रं एकाच आकड्यावर आणा, उदाहरणार्थ एक व्होल्ट. दोघांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. जुन्याचं 'लाउडनेस' बटण बंद, बास-ट्रेबल मधोमध. जुन्या सेटचा 'भरदार' आवाज म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो पुष्कळदा या लाउडनेस बटणाचा असतो. ते बटण हळू आवाजात ऐकण्यासाठी मुद्दाम खालचे सूर वाढवतं. ते आवडणं यात काही गैर नाही, पण तुलना करताना बंद हवं.

मग पाठ करून बसा आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता तारा बदलायला सांगा. मी कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावते. १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गवई. क्षयाच्या दुखण्यानंतर त्यांच्या गाण्यात लहान लहान, नेमके तुकडे आले आणि त्या तुकड्यांमधे जागा राहिल्या. त्या जागांत अँप्लिफायर काय करतो ते ऐकायचं. नंतर गंगूबाई हनगल, तो जाडसर, खणखणीत आवाज. तो चोंदल्यासारखा किंवा पत्र्यासारखा लागला तर कुठेतरी दोष आहे.

माझ्या घरी अशा बैठकीत आप्पांचा दुरुस्त केलेला रिसिव्हर आणि माझ्या भावाचा नवा डी वर्गाचा अँप्लिफायर आमच्यापैकी कुणालाही खात्रीने ओळखता आले नाहीत. स्पीकरच्या जाळीला कान लावला तेव्हा जुन्याची बारीक 'सस्स' ऐकू आली, नव्यात काहीच नव्हतं. बसल्या जागेवरून ती कुणालाच कळली नाही. त्याच दिवशी दुसरे स्पीकर लावून पाहिले, आणि तो फरक मात्र स्वयंपाकघरातून आईला कळला.

म्हणून पैशाचा क्रम असा लावा: घरी चालता सेट असेल तर त्याची तब्येत दुरुस्त करा आणि उरलेला पैसा स्पीकरवर घाला. घरी सेट नसेल, हातात सोल्डर धरायची हौस नसेल आणि जवळ भरवशाचा मेकॅनिक नसेल, तर जुना विकत घेऊ नका. सरळ नवा घ्या, वॅटचा हिशेब करून घ्या. 'रिस्टोअर्ड' म्हणून चढ्या दरात विकणाऱ्याकडून घ्यायचाच असेल तर समोर झाकण उघडून, डीसी मोजून आणि अर्धा तास वाजवून घ्या. तो नाही म्हणाला तर परत फिरा.

पावसाळा आणि इन्व्हर्टर

आपल्याकडचा पाऊस, विशेषतः खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा, या यंत्रांचा मोठा शत्रू आहे. स्विच आणि कंट्रोल ओलीने काळे पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत घाम सुटतो. सुती कापड पुरे. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊबच ओल घालवते, आणि त्या वेळी सगळी बटणं, सिलेक्टर चार-चारदा फिरवा. वर-खाली चार बोटं हवा खेळू द्या. झाकणाच्या जाळीवर फ्लॉवरपॉट ठेवू नका. विजा कडकडू लागल्या की प्लग आणि टीव्हीची तार, दोन्ही काढा.

इन्व्हर्टर साधा, चौकोनी लहरीचा असेल तर जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो. लाईट गेली की सेट बंद ठेवा, किंवा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तरच चालवा.

झाकण शेवटचं बसवण्याआधी एक कागद घ्या. त्यावर तारीख, दोन्ही चॅनेलचं डीसी, बदललेल्या प्रत्येक पार्टचा आकडा आणि सिलेक्टर किती व्होल्टवर आहे ते लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब चिकटवा. माझ्या सेटमध्ये मला अशी एक चिठ्ठी सापडली होती, आप्पांच्या अक्षरात, कुठला फ्यूज किती अँपिअरचा ते लिहिलेली. माझी मी तिच्या खाली चिकटवली.